मिरचीच्या पथारीवरून समजून घेऊया इंग्रजीतलं ‘स्प्रेड’

नंदुरबारला ऐन मिरचीच्या हंगामात आलात तर डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, की पथाऱ्या लागल्यात. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओल्या लाल मिरचीचे ढीग येऊन पडतात. बाया ते ढीग मोडतात, मिरची उन्हात एकसारखी पसरतात, दिवसातून वरखाली करतात. मिरची वाळत टाकण्याच्या या जागेलाच आपण पथारी म्हणतो. ‘स्प्रेड’ हे इंग्रजी क्रियापद शिकवायला मला या पथारीइतका चांगला फळा अजून मिळालेला नाही.

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारा एक मुलगा मिरचीच्या व्यवहारात काम करतो. त्याने परराज्यातल्या एका खरेदीदाराला मोबाइलवरून पथारीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अवर चिलीज आर स्कॅटर्ड ऑन द ग्राउंड.’ शब्दकोशात ‘पसरलेले’ समोर त्याला ‘स्कॅटर्ड’ दिसला होता. समोरून लगेच प्रश्न आला, माल सांडला का? पोती फुटली का? मुलगा गोंधळला. चूक व्याकरणाची नव्हती, वाक्य अगदी शुद्ध होतं. पण ‘स्कॅटर’ म्हणजे इकडे-तिकडे विखुरणं. त्यात नीटपणा नाही, हेतू असेलच असंही नाही. पथारीवर हात फिरवून, जाडी सारखी ठेवून मिरची पसरलेली असते. त्याला लिहायचं होतं, ‘द चिलीज आर स्प्रेड आउट टू ड्राय.’ मिरची वाळायला पसरली आहे, एवढंच.

तेव्हापासून मी हा शब्द सावकाश शिकवते. मराठीत आपण चादर अंथरतो, लोणी लावतो, बिबडी (ज्वारीचा पापड) थापतो, अफवा पसरवतो, आग फैलावते, पोरं पांगतात. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. इंग्रजी यातली बहुतेक कामं एकट्या ‘स्प्रेड’वर सोपवते, आणि जिथे सोपवत नाही तिथेच आपण अडकतो. म्हणून ‘स्प्रेड म्हणजे पसरणे’ असं पाठ करून भागत नाही. काय पसरतंय, कशावर पसरतंय आणि आपोआप पसरतंय की कुणी पसरवतंय, हे तीन प्रश्न दर वेळी विचारायचे.

आधी तोंडात बसवा

स्पेलिंगमध्ये ‘ई-ए’ असल्यामुळे बरीच मुलं ‘स्प्रीड’ म्हणतात. उच्चार ‘स्प्रेड’ आहे, ‘ब्रेड’, ‘हेड’, ‘डेड’ यांच्याशी जुळणारा. ‘रीड’ या क्रियापदाचा उच्चार भूतकाळात ‘रेड’ होतो, तसा बदल इथे होत नाही. वर्तमानात, भूतात, कुठेही ‘स्प्रेड’च.

दुसरी अडचण सुरुवातीच्या जोडाक्षराची. स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणायची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे, त्याच सवयीने ‘इस्प्रेड’ होतं. सोपा उपाय सांगते. आधी नुसता ‘स्‌स्‌स्‌’ असा लांब आवाज काढा, सायकलच्या चाकातली हवा सुटते तसा, आणि तो न तोडता ‘प्रेड’ जोडा. दहा वेळा केलं की पुढचा ‘इ’ गळून पडतो.

रूपं: इथे ‘ईडी’ लागत नाही

‘स्प्रेड’ची तिन्ही रूपं एकच: स्प्रेड, स्प्रेड, स्प्रेड. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ यांच्या पंगतीतला हा शब्द. ‘स्प्रेडेड’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. अर्जात, उत्तरपत्रिकेत तो दिसला की वाचणाऱ्याला पहिली तीच चूक दिसते.

पण रूप एकच असल्यामुळे काळ कसा ओळखायचा? ‘दे स्प्रेड द चिलीज’ हे वाक्य एकटं असेल तर ‘त्या मिरची पसरतात’ आणि ‘त्यांनी मिरची पसरली’ असे दोन्ही अर्थ निघतात. म्हणून वेळ सांगणारा शब्द जोडायची सवय लावा. ‘दे स्प्रेड द चिलीज एव्हरी मॉर्निंग’ म्हणजे रोज सकाळी पसरतात. ‘दे स्प्रेड द चिलीज यस्टरडे’ म्हणजे काल पसरली. कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकच नाव असेल तर वर्तमानात ‘एस’ मदतीला येतो: ‘शी स्प्रेड्स’ म्हणजे ती पसरते, ‘शी स्प्रेड’ म्हणजे तिने पसरली. त्या एका ‘स’मध्ये सगळा काळ आहे, तो गिळू नका.

नकाराचं वाक्य सोपं आहे, कारण तिथे काळाचं ओझं दुसरा शब्द उचलतो: ‘शी डिड नॉट स्प्रेड द क्लॉथ.’ घडून गेलेल्या पण आजही लागू असलेल्या गोष्टीला ‘हॅज’ लावायचं: ‘द डिसीज हॅज स्प्रेड टू अवर व्हिलेज.’ रोग आमच्या गावापर्यंत आलाय.

कोण पसरवतंय?

मराठीत ‘पसरणे’ आणि ‘पसरवणे’ अशी सोय आहे. एक ‘व’ आला की कळतं, मागे कुणाचा तरी हात आहे. इंग्रजीत हा ‘व’ नाही. ‘फायर स्प्रेड्स’ म्हणजे आग पसरते, आणि ‘विंड स्प्रेड्स द फायर’ म्हणजे वारा आग पसरवतो. क्रियापद तेच, फक्त पुढे कर्म आलं. त्यामुळे ‘मेक’ जोडून ‘विंड मेक्स द फायर स्प्रेड’ असं लांब वाक्य करायची गरज नसते. ते चूक नाही, पण सरळ वाट मोकळी असताना वळसा कशाला?

हा भाग केळीवाल्यांना लवकर समजतो, कारण रावेर-यावलकडे रोगाची चर्चा रोजची. कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही, केळीवर येतो. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचं काम मावा ही कीड करते. आता हे तीन तऱ्हेने सांगता येतं. ‘द व्हायरस स्प्रेड्स थ्रू एफिड्स’, विषाणू माव्यामार्फत पसरतो. ‘एफिड्स स्प्रेड द व्हायरस’, मावा विषाणू पसरवतो. ‘द व्हायरस इज स्प्रेड बाय एफिड्स’, विषाणू माव्याकडून पसरवला जातो. तिन्ही बरोबर आहेत. कृषीविषयक इंग्रजी माहितीपत्रकात तिसरं वाक्य फार भेटतं, आणि ‘इज’ पाहून मुलं गडबडतात: ‘इज स्प्रेडिंग’ हवं होतं का? नाही. ‘इज स्प्रेडिंग’ म्हणजे आत्ता पसरतोय. ‘इज स्प्रेड बाय’ म्हणजे कुणाकडून पसरवला जातो. पुढे ‘बाय’ आहे का ते बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

करपा, म्हणजे सिगाटोका, हा बुरशीचा रोग. तिथे वाहक बदलतो, वाक्याचा साचा तोच: ‘द फंगस स्प्रेड्स बाय विंड अँड रेन.’ बुरशीचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या उडत्या थेंबांनी पुढच्या पानावर जातात.

‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘विथ’, ‘टू’, ‘थ्रू’

खरी मेहनत इथे आहे. क्रियापद बरोबर आणि पुढचा छोटा शब्द चुकीचा, अशी वाक्यं मी सगळ्यात जास्त तपासते.

गरम भाकरीवर लोणी लावलं. ‘आय स्प्रेड बटर ऑन द भाकरी.’ हेच उलटं करून ‘आय स्प्रेड द भाकरी विथ बटर’ असंही म्हणता येतं. पहिल्या वाक्यात लक्ष लोण्याकडे आहे, ते कुठे गेलं याकडे. दुसऱ्यात लक्ष भाकरीकडे आहे, आणि ती बहुधा काठापर्यंत माखली असं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं. ‘ऑन’ नंतर पृष्ठभाग, ‘विथ’ नंतर लावायची वस्तू. यांची अदलाबदल झाली की भाकरीच लोण्यावर जाऊन बसते.

‘ओव्हर’मध्ये झाकण्याची भावना आहे. ‘स्प्रेड अ शीट ओव्हर द ग्रेन’, धान्यावर ताडपत्री टाका. पण ‘ओव्हर’चं आणखी एक काम आहे: पैसे किंवा काम काळावर वाटून टाकणं. ‘दे स्प्रेड द पेमेंट ओव्हर सिक्स मंथ्स’, रक्कम सहा महिन्यांत विभागून दिली. बँकेच्या इंग्रजी कागदावर हे वाक्य आलं तर पैसे कुठे पसरले, असं शोधत बसू नका, तिथे हप्त्यांची गोष्ट चालली आहे.

‘टू’ म्हणजे सीमा ओलांडून नव्या जागी पोचणं. ‘द फायर स्प्रेड टू द नेक्स्ट फील्ड’, आग बांध ओलांडून शेजारच्या वावरात गेली. ‘थ्रू’ म्हणजे आतल्या आत, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत: ‘द न्यूज स्प्रेड थ्रू द व्हिलेज’, बातमी गावभर झाली. ‘अक्रॉस’ म्हणजे मोठ्या क्षेत्रावर आडवं. अहिराणीबद्दल लिहायचं तर, ‘अहिराणी स्पीकर्स आर स्प्रेड अक्रॉस जळगाव, धुळे अँड नंदुरबार, अँड पार्ट्स ऑफ नाशिक.’ बागलाण-मालेगावचे लोक जमेस धरायचे तर नाशिक राहून कसं चालेल!

‘आउट’ कधी जोडायचं?

‘आउट’ जोडलं की आधी एकत्र असलेलं, घडी घातलेलं किंवा ढिगात असलेलं काहीतरी आता मोकळं झालं, असं कळतं. ढीग होता, पथारी झाली: ‘स्प्रेड आउट द चिलीज.’ घडी होती, उघडली: ‘स्प्रेड आउट द मॅप.’ माणसं घोळक्यात होती, अंतर ठेवून उभी राहिली: ‘स्प्रेड आउट!’ खेळाच्या मैदानावर हे दोन शब्द सतत ऐकू येतात. आपण ‘पांगा रे’ म्हणतो ना, तेच.

रोग, बातमी, अफवा, आग यांना सहसा ‘आउट’ लागत नाही. ‘द रूमर स्प्रेड आउट’ ऐकायला खटकतं, नुसतं ‘द रूमर स्प्रेड’ पुरे.

क्रमाचा एक नियम पक्का ठेवा. वस्तूचं नाव ‘आउट’च्या आधी येऊ शकतं, नंतरही येऊ शकतं: ‘स्प्रेड द क्लॉथ आउट’, ‘स्प्रेड आउट द क्लॉथ’. पण नावाऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं तर ते मधेच बसतं. ‘स्प्रेड इट आउट’ बरोबर, ‘स्प्रेड आउट इट’ चूक.

बिबड्यांच्या दिवशी एक धडा

उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीच्या बिबड्या होतात. पहाटे घाटा शिजतो, लसूण-मिरचीचा वास गल्लीभर जातो, आणि ऊन चढायच्या आत सगळ्या जणी खाटेभोवती बसतात. मी एकदा मुलींना तिथेच बसवून इंग्रजीचा तास घेतला. काम हातात आणि वाक्य तोंडात. त्या दिवशीची वाक्यं मुलींना अजून आठवतात, म्हणून ती जशीच्या तशी देते.

खाटेवर ओलं धोतर अंथरलं. ‘स्प्रेड अ वेट क्लॉथ ओव्हर द कॉट.’ इथे वस्तू एकच, अखंड, फक्त उघडून टाकली.

हातात घाट्याचा गोळा घेतला, पाण्याचा हात लावून गोल थापला. ‘टेक अ हँडफुल ऑफ द बॅटर अँड स्प्रेड इट इनटू अ थिन सर्कल.’ इथे वस्तू आपला आकारच बदलते. ‘इनटू’ त्या नव्या आकाराकडे बोट दाखवतं. थापणं हा आपला नेमका शब्द आहे, त्यात बोटांचा दाब ऐकू येतो. इंग्रजीत तो दाब दाखवायचा असेल तर ‘पॅट’ हे क्रियापद वापरा: ‘पॅट इट इनटू अ सर्कल.’ भाकरीला तर ‘पॅट’च जास्त शोभतं.

मग बिबड्या उन्हात राहिल्या. ‘लीव्ह देम इन द सन टू ड्राय.’ इथे एका मुलीने पुन्हा ‘स्प्रेड’ वापरला होता. गरज नाही. त्या आधीच पसरलेल्या आहेत, आता फक्त ठेवायच्या आहेत.

वाळल्यावर धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं, आणि एकेक बिबडी सोडवली. ‘स्प्रिंकल वॉटर ऑन द बॅक ऑफ द क्लॉथ अँड पील देम ऑफ.’ पाणी थेंबाथेंबाने पडलं म्हणून ‘स्प्रिंकल’. इथे ‘स्प्रेड वॉटर’ म्हटलं तर पाणी ओतून हाताने फिरवल्यासारखं वाटेल.

मांडे करतानाचं उदाहरण याहून बारीक आहे. खापरावरचा मांडा करताना बाई कणकेचा उंडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत मोठा करते. ते ‘स्ट्रेच’ आहे, कारण कणीक ताणली जातेय, तिच्यात ओढ आहे. ती तशीच तापलेल्या खापरावर टाकते तेव्हा ‘स्प्रेड’ सुरू होतं: ‘शी स्ट्रेचेस द डो ओव्हर हर आर्म्स अँड स्प्रेड्स इट ओव्हर द हॉट क्ले पॉट.’ ताण असेल तर ‘स्ट्रेच’, पृष्ठभागावर जाऊन बसलं तर ‘स्प्रेड’. मांडा करणाऱ्या हाताला हा फरक व्याकरणाच्या पुस्तकाआधीच माहीत असतो.

सातपुड्याबद्दल लिहितानाही हाच फरक कामी येतो. लांबट रांग ‘स्ट्रेच’ होते, रुंद पसरलेलं क्षेत्र ‘स्प्रेड’ होतं. म्हणून ‘द सातपुडा स्ट्रेचेस अलाँग द नॉर्थ ऑफ खान्देश’ हे वाक्य कानाला बरोबर लागतं. उकाई धरणाचं पाणी मात्र ‘स्प्रेड्स’.

शेजारचे शब्द

‘स्कॅटर’ वर आलाच: विखुरणं, उधळणं. हाताने फेकून बी पेरलं तर तिथे ‘स्कॅटर’ अगदी योग्य. ‘डिस्पर्स’ गर्दीसाठी आणि ढगांसाठी, बातम्यांमधला शब्द. ‘अनफोल्ड’ म्हणजे घडी मोडणं, ‘अनफर्ल’ म्हणजे गुंडाळलेला झेंडा फडकत उघडणं. ‘स्प्रॉल’ म्हणजे हातपाय ऐसपैस टाकून पडणं, किंवा शहराचं आडवंतिडवं, बेशिस्त वाढत जाणं. ‘स्प्ले’ बोटं किंवा पाय फाकवण्यासाठी, रोजच्या बोलण्यात क्वचित.

‘अप्लाय’वर मात्र थांबा. मराठीत आपण लोणी लावतो, मेंदी लावतो, मलम लावतो, रंग लावतो. सगळीकडे ‘लावणे’. इंग्रजीत खाण्याचं ‘स्प्रेड’ होतं. मलम, मेंदी, रंग यांना ‘अप्लाय’ लागतं: ‘अप्लाय द ऑइंटमेंट टू द वूंड.’ औषधाच्या डब्यावर हेच छापलेलं असतं.

हात, पाय आणि पदर

आपले वाक्प्रचार इंग्रजीत जसेच्या तसे नेले की अर्थ पार बदलतो. ‘हात पसरणे’ म्हणजे मागणं, लाचारीने मागणं. इंग्रजीत कुणी ‘ही स्प्रेड हिज हँड्स’ लिहिलं तर तो माणूस भीक मागत नाही. तो दोन्ही तळवे उघडे करून ‘माझ्या हातात काही नाही’ किंवा ‘काय करणार?’ असं दाखवतोय. पीककर्जावरच्या निबंधात एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘फार्मर्स स्प्रेड देअर हँड्स बिफोर मनीलेंडर्स.’ त्याच्या मनातलं दुःख वाक्यात उतरलंच नाही, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं. ‘बेग’ किंवा ‘प्लीड’ घेतलं असतं तर उतरलं असतं.

‘पदर पसरणे’ला इंग्रजीत सरळ शब्द नाही. ते दृश्यच आपलं आहे. निबंधात आणायचं असेल तर दृश्य वर्णन करा आणि पुढे ‘प्लीडिंग’ जोडा.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ याला इंग्रजीत पाय लागत नाहीत, कापड लागतं: ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ.’ कापड बघून कोट बेता.

उलट बाजूने, इंग्रजीत ‘स्प्रेड युअरसेल्फ टू थिन’ म्हणतात, एकाच वेळी इतकी कामं अंगावर घेणं की एकही धड होत नाही. लोणी थोडं आणि भाकरी मोठी, मग सगळीकडे नुसता ओशट हात फिरतो. ‘स्प्रेड द वर्ड’ म्हणजे चार जणांना सांगा, निरोप पोचवा. ‘स्प्रेड लाइक वाइल्डफायर’ म्हणजे वणव्यासारखं पसरणं. हे आपल्याशी तंतोतंत जुळतं, डोंगराजवळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘स्प्रेड अवेअरनेस’ भारतात सर्रास चालतं. इंग्रजीत ‘रेझ अवेअरनेस’ अधिक रुळलेलं आहे, अर्जात तेच लिहा.

नाम म्हणून

‘द स्प्रेड ऑफ द डिसीज’ म्हणजे रोगाचा फैलाव. पावसाच्या बातमीत ‘वेल-स्प्रेड रेनफॉल’ येतं, म्हणजे हंगामभर किंवा सगळीकडे सारखा वाटून पडलेला पाऊस. कापूसवाल्याला हा शब्द दिसला की हायसं वाटतं. ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे सर्वदूर. पलंगावरची ‘बेडस्प्रेड’ आणि संगणकावरची ‘स्प्रेडशीट’ त्याच घरातली. हिशेबनिसांच्या वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर आडव्या पसरलेल्या मोठ्या तक्त्याला आधी हे नाव होतं. 1979 मध्ये व्हिसिकॅल्क नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि तो तक्ता वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर गेला.

सराव कसा करायचा

वहीत पाच वाक्यं लिहू नका. उद्या सकाळी घरात जे-जे पसरलं जाईल त्याच्यासमोर उभं राहून वाक्य म्हणा. सतरंजी, गहू, पोळीवरचं तूप, दोरीवरचे कपडे. कपड्यांपाशी थांबाल, कारण दोरीवरचे कपडे ‘हँग’ होतात, गच्चीवर जमिनीला टाकले तरच ‘स्प्रेड’. अशी अडखळणारी जागा सापडली की तीच वहीत टिपून ठेवा. आठवड्यात दहा जागा सापडल्या तरी पुष्कळ.

त्या मिरचीवाल्या मुलाने पुढच्या हंगामात पाठवलेला निरोप माझ्याकडे आहे. ‘वी हॅव स्प्रेड द चिलीज आउट इन द सन. इफ इट डझन्ट रेन, दे विल बी ड्राय सून.’ ‘हॅव स्प्रेड’ बरोबर, ‘आउट’ बरोबर, आणि अवकाळी पावसाची धास्तीही त्यात आली. खरेदीदाराने या वेळी एकच प्रश्न विचारला: भाव काय?